जुना लाकडी सज्जा दुरुस्त करावा की उतरवून नवा बसवावा?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचा सज्जा १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे. नऊ सागवानी कड्या माडीच्या जमिनीखालून भिंतीबाहेर येतात आणि त्यांवर फळ्या व कठडा आहे. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने फळ्यांच्या भेगांत लांबी (पुट्टी) भरून वर तैलरंगाचे दोन हात दिले आणि आता वीस वर्षे पाहावे लागणार नाही, असे सांगितले. गेल्या ऑक्टोबरमध्ये भिंतीलगत तिसऱ्या कडीवर मी पेचकस टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला ओल्या चहापत्तीसारखा भुसा चिकटलेला होता. वरचा रंग तेवढ्या जागी अजूनही गुळगुळीत आणि चकचकीत होता.

सज्जा दुरुस्त करायचा की नवा बसवायचा, हा निर्णय बहुतेक घरांत फळ्यांकडे पाहून होतो. फळ्या काळवंडल्या, करकरू लागल्या की सज्जा गेला असे समजतात, आणि रंगकाम चांगले असले की निर्धास्त राहतात. दोन्ही समजुती धोक्याच्या आहेत. सज्ज्याचे आयुष्य कडी भिंतीत शिरते त्या वीतभर जागेवर ठरते. त्या वीतभर जागेची पारख कशी करावी आणि त्यावरून निर्णय कसा घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सज्जा कशावर उभा आहे?

तपासणी खालून, रस्त्यावर उभे राहून सुरू करावी. सज्ज्याच्या बाहेरच्या कडेला खांब असतील, तर कडीचे एक टोक भिंतीवर आणि दुसरे खांबावरच्या तुळईवर टेकलेले असते, आणि भाराचा सर्वाधिक ताण कडीच्या मध्यावर, तिच्या खालच्या अंगावर येतो. खांब नसतील आणि कड्या नुसत्याच भिंतीतून बाहेर आलेल्या असतील, तर गणित उलटे होते. सर्वाधिक ताण भिंतीच्या तोंडाशीच येतो आणि तोही कडीच्या वरच्या अंगावर. पावसाचे पाणी फळ्यांच्या फटींतून गळून साचते तेही नेमके याच अंगावर, याच जागी. म्हणजे बिनखांबी सज्ज्यात लाकूड जिथे सर्वांत जास्त राबते तिथेच ते सर्वांत आधी कुजते. खाली नक्षीदार ब्रॅकेट असतील तर ते खरोखर भार घेत आहेत की केवळ शोभेचे आहेत, हे पाहावे. ब्रॅकेट आणि कडी यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकत असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नये.

पाणी कुठून येते ते आधी शोधावे

लाकूड कुजवणारी बुरशी ओलाव्याशिवाय जगत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही, आणि ३० टक्क्यांच्या आसपास गेला की तिला मोकळे रान मिळते. नागपूरच्या हवेत खरे तर लाकडाला फार भीती नसावी. जून ते सप्टेंबर हे चार महिने ओले जातात, पण नंतर कोरडी थंडी येते आणि त्यामागून ४५ अंशांच्या पुढे जाणारा मे महिना. तेवढ्या काळात भिजलेले सागवान सहज वाळते. तरीही सज्जे कुजतात, याचे मोठे कारण माझ्या मते आपणच तिथे नेऊन ठेवतो आणि ते म्हणजे कूलर.

मार्चच्या अखेरीस कूलर सज्ज्यावर चढतो. त्याची टाकी झिरपते, वाळ्याच्या ताट्या ठिबकतात, भरताना पाणी सांडते, आणि स्टँडचे चार पाय रोज त्याच चार जागा ओल्या ठेवतात. जे तीन महिने लाकडाला वाळण्यासाठी मिळायला हवेत, तेच तीन महिने आपण त्याला पाणी पाजतो. लगेच पावसाळा येतो. आमच्या तीन कुजलेल्या कड्यांपैकी दोन अगदी कूलरखालच्या निघाल्या. त्यातच ६० लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच ६० किलो वजन त्या चार पायांवर येते.

दुसरे कारण म्हणजे छपराचे पाणी. सरकलेले कवेलू (कौले), फुटकी पन्हाळ किंवा गच्चीचा आखूड पाइप यांचे पाणी थेट सज्ज्यावर पडते. तिसरे कारण कुंड्या. तुळशीची कुंडी थेट फळीवर ठेवली की तिच्याखालची जागा वर्षभर ओलीच राहते. चौथे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे सिमेंट. चुन्यात बसवलेल्या कडीभोवती कधीतरी सिमेंटचा गिलावा केला जातो. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, पण सिमेंट ती कडीच्या टोकाशी कोंडून ठेवते. कडीचे कापलेले टोक तिच्या बाजूंपेक्षा कितीतरी झपाट्याने पाणी शोषते, त्यामुळे हे कोंडलेपण फार महागात पडते.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा अर्धा तास खाली उभे राहून पाण्याची वाट डोळ्यांनी पाहावी आणि कोणत्या कडीशी ते थांबते हे लिहून ठेवावे. पाण्याची ही वाट बंद केल्याशिवाय केलेली दुरुस्तीही वाया जाते आणि नवा सज्जाही.

प्रत्यक्ष तपासणी

तपासणीपूर्वी सज्ज्याखाली लोखंडी जॅक किंवा बल्ल्यांचा टेकू द्यावा आणि सज्ज्यावर कोणालाही उभे राहू देऊ नये. सामान साधेच लागते: पेचकस किंवा टोच्या, लहान हातोडी, चार मिलिमीटरचे बिट लावलेले ड्रिल, लाइनदोरी, पट्टी आणि विजेरी. दोन पिनांचे मॉइश्चर मीटर कोणाकडून मिळाले तर उत्तमच.

कड्यांना खडूने आकडे घालावेत आणि प्रत्येक कडी तीन ठिकाणी तपासावी: भिंतीच्या तोंडाशी, मध्यावर आणि बाहेरच्या टोकाला. हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी सागवान खणखणीत वाजते, तर आतून पोकळ झालेली कडी बद्द आवाज देते. मग टोच्या लाकडाच्या रेषेला आडवा रोवून एक ढलपी उचकटावी. निरोगी लाकडाची ढलपी लांब, तंतुमय निघते आणि तुटताना कडकन आवाज करते. कुजलेल्या लाकडाची ढलपी टोच्याच्या वरच आवाज न करता तुकडा होऊन सुटते. ही परीक्षा अगदी साधी आहे, पण रंगाखालची कूज हिच्याइतकी लवकर दुसऱ्या कशाने कळत नाही.

शंका उरली तर ड्रिल वापरावे. भिंतीपासून सहा इंचांच्या आत, कडीच्या बाजूने, उंचीच्या बरोबर मध्यावर आणि किंचित भिंतीकडे तिरके छिद्र घ्यावे. मध्यावर यासाठी की तिथे वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो आणि छिद्राने कडी दुबळी होत नाही. बाहेर येणारा भुसा पाहावा. सोनेरी, कोरडा आणि सागाचा तेलकट वास असलेला भुसा आला तर आतले लाकूड शाबूत आहे. काळपट, दमट पूड आली किंवा बिट एकाएकी आत धसले, तर तिथे कूज किंवा पोकळी आहे. तपासणी झाल्यावर छिद्रात लाकडी खुंटी ठोकून ते बंद करावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उन्हाने राखाडी पडलेला पृष्ठभाग म्हणजे कूज नव्हे. लाकडाच्या रेषेला धरून गेलेल्या बारीक उभ्या भेगाही बहुधा वाळण्याच्या असतात, आणि त्यामुळे कडी निकामी ठरत नाही. आडव्या-उभ्या तड्यांनी लाकडाचे लहान चौकोनी तुकडे पडलेले दिसले, तर ती तपकिरी कूज असते आणि ती गंभीर आहे. रेषा सोडून तिरकी जाणारी, कडीच्या खालच्या किंवा वरच्या काठापर्यंत पोहोचलेली भेगही तितकीच गंभीर मानावी. राखाडी रंग पाहून चांगल्या सागवानी फळ्या फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याच फळ्या रंधा मारल्यावर आतून नव्यासारख्या निघाल्या असत्या.

उधईची (वाळवीची) ओळख मातीच्या नळ्यांवरून पटते. तिचे घर जमिनीत असते आणि नळी म्हणजे तिचा येण्याजाण्याचा रस्ता. नळी मोडून रॉकेल शिंपडल्याने उधई जात नाही. पायथ्याच्या जमिनीत आणि भिंतीत औषध सोडावे लागते आणि ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. कडीखाली पिठासारखी बारीक पूड आणि लाकडाला एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे दिसली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा असतो. तो सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात शिरतो, आतल्या तपकिरी गाभ्याला सहसा हात लावत नाही. म्हणून पांढरा भाग तासून टाकल्यावर गाभा किती उरतो, ते मोजावे.

किती लाकूड गेले म्हणजे कडी गेली?

पाच इंच उंचीच्या कडीचा वरचा एकच इंच कुजला, तर पंचमांश ताकद गेली असे वाटते, पण हिशेब तसा नाही. कडीची भार पेलण्याची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि तिचा ताठपणा घनाच्या प्रमाणात बदलतो. पाचाचे चार इंच उरले की ताकद ६४ टक्क्यांवर येते आणि ताठपणा जेमतेम निम्मा राहतो. याउलट कडीच्या रुंदीतून तेवढाच भाग गेला, तर नुकसान सरळ त्या प्रमाणातच होते. म्हणून प्रत्येक कडीची उरलेली निरोगी उंची लिहून ठेवावी, आणि एकपंचमांश उंची गेली असेल तर ती कडी कुजलेल्यांत मोजावी.

लाइनदोरी ताणून झोळही पाहावा. दोन्ही टोकांना आधार असलेल्या कडीसाठी लांबीचा २४० वा भाग ही वाकण्याची साधारण मर्यादा मानतात, म्हणजे आठ फुटांच्या कडीला सुमारे १० मिलिमीटर. परंतु जुने लाकूड वर्षानुवर्षांच्या भाराने कायमचे थोडे वाकते, आणि त्याची टोके निरोगी असतील तर निव्वळ झोळासाठी ते काढण्याचे कारण नाही. यंदाचा झोळ गतवर्षीपेक्षा वाढला असेल तरच सावध व्हावे. त्यासाठी माप तारखेसह भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवणे उपयोगी पडते.

भार कोणता धरावा?

घरातल्या सज्ज्यासाठी भारतीय मानक संहितेत दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरलेला आहे. एरवी कपडे वाळत घालायला एक-दोन माणसे येतात, त्यामुळे हा आकडा जास्तीचा वाटतो. पण महाल-इतवारीतल्या सज्ज्यांना वर्षातून एक दिवस असा येतो की तो आकडाही अपुरा पडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचेही पुतळे असतात, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक सज्ज्यावर आप्तेष्ट, शेजारी, लेकरे दाटीवाटीने उभी राहतात. आमचा सज्जा ३६ चौरस फूट म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर आहे. त्यावर सरासरी ६० किलोची २० माणसे उभी राहिली, तर १,२०० किलो म्हणजे दर चौरस मीटरला ३६० किलो भार येतो, आणि तोही बहुतांशी कठड्याकडच्या काठावर, कारण सगळे वाकून पाहत असतात. शिवाय हा दिवस भर पावसाळ्यात येतो आणि ओले लाकूड कोरड्या लाकडाइतका भार पेलत नाही. मारबतीच्या रस्त्यावर ज्यांचे घर आहे, त्यांनी सज्ज्याची पारख याच दिवसासाठी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निर्णय

आता खडूच्या आकड्यांसमोर प्रत्येक कडीची नोंद असेल: निरोगी, संशयित किंवा कुजलेली. संशयित कड्या ड्रिलने तपासून इकडे किंवा तिकडे टाकाव्यात, मधे ठेवू नयेत. मी स्वतः वापरतो तो नियम असा आहे. कुजलेल्या कड्या एकतृतीयांशापर्यंत असतील, त्या लागोपाठ नसतील आणि पाण्याचे कारण सापडून ते बंद करता येणार असेल, तर दुरुस्ती करावी. दोनपेक्षा जास्त शेजारशेजारच्या कड्या गेल्या असतील, भिंतीतली आडवी तुळई किंवा खांबाचा पाया कुजला असेल, किंवा कड्यांखालची भिंत फुगून सुटली असेल, तर सज्जा उतरवावा. फळ्या कितीही खराब असल्या तरी त्यांचा या निर्णयाशी संबंध नाही, कारण त्या सुट्या बदलता येतात. कठडाही तसाच, मात्र त्याची उंची एक मीटरपेक्षा कमी नसावी आणि आतून जोर दिल्यावर तो हलता कामा नये.

आमच्या नऊपैकी तीन कड्या कुजलेल्या निघाल्या आणि दोन संशयित होत्या, पण त्या दोहोंतून सोनेरी भुसा आला. तीनही सुट्या सुट्या होत्या, म्हणून आम्ही दुरुस्ती केली. भिंतीला तडे असतील किंवा निर्णयाबद्दल मनात किंतु असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. वर लिहिलेल्या नोंदी हातात असल्या तर त्याचेही काम निम्मे होते. इमारत वारसा यादीत असल्यास दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी महानगरपालिकेची परवानगी लागते.

दुरुस्ती करायची असल्यास

खांबांवरच्या सज्ज्यात कडीचे भिंतीतले टोक कुजले असेल, तर ते कापून नवे टोक जोडता येते, कारण टेकणीजवळ वाकण्याचा ताण कमी असतो. अर्धे-अर्धे लाकूड एकमेकांवर बसवून जोड करावा आणि तो आरपार बोल्टांनी आवळावा. बिनखांबी सज्ज्यात मात्र भिंतीच्या तोंडाशी असा जोड कधीही करू नये, मग मिस्त्री कितीही खात्री देवो. तिथे जुन्या कडीशेजारी पूर्ण लांबीची नवी कडी घालावी लागते, आणि ती जेवढी बाहेर येते त्याच्या दुप्पट तरी आत खोलीखाली गेलेली असावी. आमच्या तीन फुटांच्या सज्ज्यासाठी माडीच्या जमिनीतल्या सहा फुटांपर्यंतच्या फळ्या उचकटाव्या लागल्या. काम वाढले, पण त्याला पर्याय नव्हता.

एका वेळी एकच कडी बदलावी आणि ती घट्ट झाल्याशिवाय पुढच्या कडीचा टेकू हलवू नये. नव्या कडीच्या कापलेल्या टोकाला लाकूडरक्षक द्रावणाचे दोन-तीन हात द्यावेत. भिंतीतल्या कोनाड्यात तिच्या बाजूंनी आणि टोकाशी अर्धा इंच हवा खेळती ठेवावी आणि बांधणी चुन्यातच करावी. साधे खिळे सागाच्या संगतीत गंजतात आणि भोवतीचे लाकूड काळे करतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. लांबी भरणे ही दुरुस्ती नव्हे. तिच्यामुळे कूज झाकली जाते आणि ओलही आत अडकते.

नवा बसवायचा असल्यास

जुन्या माती-विटांच्या भिंतीवर काँक्रीटचा सज्जा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चार इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो असते, तर ३० मिलिमीटरच्या सागवानी फळीचे सुमारे २० किलो आणि कड्या धरूनही त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे एकही माणूस उभा राहण्याआधीच भिंतीवर कित्येक पट ओझे येते. इंजिनिअरने भिंत तपासून लेखी दिल्याखेरीज या वाटेला जाऊ नये. लोखंडी चॅनेलचा सांगाडा आणि वर लाकडी फळ्या हा मधला मार्ग चांगला आहे, मात्र चॅनेलचीही आतली लांबी कडीप्रमाणेच दुप्पट हवी.

लाकूड घ्यायला लकडगंजात जावे. नागपूरकराला बल्लारशाचे आणि आलापल्लीचे सागवान घराजवळ मिळते, हे आपले भाग्य आहे. हेच सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी नेले होते. तीन बाय पाच इंचांच्या नऊ फुटी कडीला (तीन फूट बाहेर, सहा फूट आत) सुमारे ०.९४ घनफूट लाकूड लागते, म्हणजे नऊ कड्यांना सुमारे ८.४ घनफूट. भाव कच्च्या मापावर आहे की रंधून झालेल्या मापावर, हे आधी विचारावे आणि पांढऱ्या लाकडाचा पट्टा असलेली कडी बाजूला ठेवावी. पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान मिळाले तर आनंदाने घ्यावे. ते पूर्ण वाळलेले असते. मात्र वर सांगितलेली ढलपीची परीक्षा त्याचीही घ्यावी आणि आरा मशीनवर देण्यापूर्वी खिळे शोधून काढावेत.

फळ्या बाहेरच्या बाजूला दर मीटरला एक सेंटिमीटर उताराने बसवाव्यात. सहा इंच रुंदीची सागवानी फळी मेच्या कोरड्या हवेपासून ऑगस्टच्या दमटपणापर्यंत दोन-तीन मिलिमीटर फुगते. म्हणून उन्हाळ्यात बसवताना पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावी. पावसाळ्यात बसवताना फळ्या जवळ घेतल्या तरी चालतात, कारण त्या पुढे आपोआप आक्रसतात. कामाला सर्वांत चांगला काळ म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

रंग आणि तेल

जुना रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. रंग ओला करून खरवडावा, मास्क लावावा आणि मुलांना लांब ठेवावे. नव्या लाकडावर जाड रंगापेक्षा जवसाचे उकळलेले तेल मला अधिक योग्य वाटते. ते थर धरत नाही, त्यामुळे खाली काय चालले आहे ते दिसत राहते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, पुन्हा एक हात द्यावा लागतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चोळामोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत.

आमचा कूलर आता सज्ज्यावर नसतो. भिंतीत रोवलेल्या स्वतंत्र लोखंडी स्टँडवर तो बसवला आहे आणि त्याच्या टाकीखालून एक नळी थेट गटारात सोडली आहे. तुळस विटांच्या दोन थरांवर खाली अंगणात उतरली. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिसरी, पाचवी आणि आठवी कडी टोच्याने पाहायची आणि भिंतीवरच्या पेन्सिलच्या मापाखाली नवे माप लिहायचे, असे घरात ठरले आहे. मारबतीच्या दिवशी दारात एक जण उभा राहतो आणि सज्ज्यावर एका वेळी आठच माणसे सोडतो. बाकीच्यांसाठी खालचा ओटा मोकळा केलेला असतो.